पोर्फिरिया आणि शिशाची विषबाधा: पोटदुखी सारखीच, उपचार मात्र उलटे

माझ्या मावसबहिणीची लघवीची बाटली सकाळी बाथरूमच्या खिडकीत राहून गेली आणि दुपारी बघितलं तर रंग कोऱ्या चहासारखा, लालसर काळपट झालेला. त्याआधीच्या वर्षभरात ती चार वेळा पोटदुखीने ॲडमिट झाली होती, सोनोग्राफी नॉर्मल, सीटी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, शेवटी टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवायचे. मग कोणीतरी सांगितलं की अंगात हेवी मेटल साठले असणार, डिटॉक्स कर, तर तिने तीन दिवस नुसता ज्यूस आणि कसलीतरी हिरवी पावडर असं केलं, आणि चौथ्या दिवशी तिच्या हातातून कप सुटायला लागला. त्या चौथ्या दिवशी नेमकं काय झालं हे समजायला मला बरेच महिने लागले, ते इथे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

सुरुवात हीमपासून. हीम म्हणजे मधोमध लोखंडाचा अणू धरून बसलेली एक छोटी चौकट, रक्त लाल दिसतं ते हिच्यामुळे आणि ऑक्सिजन वाहून नेला जातो तोही हिच्यामुळे. ती सगळ्यात जास्त बनते हाडांच्या मगजात आणि त्याखालोखाल लिव्हरमध्ये. बनायला आठ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम बसलेलं असतं. आठ माणसं ओळीने बसलीयत आणि एकाने अर्धं केलेलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असं धरून चला. आता यातला एक जण जन्मतःच हळू असला तर त्याच्या पुढ्यात अर्धवट मालाचा ढीग लागणार. तो ढीग म्हणजे पोर्फिरिया. कोणता माणूस हळू आहे त्यावर आजाराचं नाव ठरतं, म्हणून पोर्फिरिया हा एक आजार नाहीच, ती आठ-नऊ भावंडं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ढीग ओळीच्या सुरुवातीला लागला तर साठतात एएलए आणि पीबीजी नावाचे दोन पदार्थ, आणि त्रास होतो नसांना, म्हणजे मज्जातंतूंना. पोटात जीवघेणी कळ, उलट्या, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, रक्तातलं सोडियम खाली, कधी भ्रम, कधी फिट, आणि हातापायातली ताकद जाते. पोट मात्र दाबून बघितलं तर मऊ असतं, कारण दुखणं आतड्याचं नसून आतड्याला जाणाऱ्या नसांचं असतं, आणि म्हणूनच सगळे स्कॅन नॉर्मल येतात आणि पेशंटवर नाटक करण्याचा शिक्का बसतो, ज्याचा मला आजही राग येतो. यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया. ढीग ओळीच्या शेवटाकडे लागला तर साठतात पोर्फिरिन, ती उजेड शोषतात आणि कातडी जाळतात. काही प्रकारांत दोन्ही होतं.

आता शिसं. शिसं बाहेरून येतं आणि थेट याच ओळीत घुसतं, तेही दोन ठिकाणी. दुसऱ्या नंबरच्या एन्झाइमला काम करायला झिंक लागतं, शिसं त्या झिंकला उठवून स्वतः तिथे बसतं, आणि शेवटचं एन्झाइम, जे चौकटीत लोखंड बसवतं, तेही ते अडवतं. मग लोखंडाच्या जागी झिंकच बसवलेली निकामी चौकट रक्तात दिसायला लागते. परिणाम काय, तर पोटात कळा, बद्धकोष्ठता, मनगट लुळं पडणं, चिडचिड, ॲनिमिया. म्हणजे वरवर बघितलं तर पोर्फिरियाचा जुळा भाऊ. म्हणून लोक दोन्हीला एकच समजतात, आणि म्हणूनच हेवी मेटल काढणाऱ्या पावडरी पोर्फिरियाच्या पेशंटला विकल्या जातात.

पण फरक ओळखायला एक साधी टेस्ट आहे. ओळीचा दुसरा माणूस अडला की एएलए साठतं, पीबीजी बनतच नाही. तिसरा अडला की दोन्ही साठतात. त्यामुळे ॲक्यूट पोर्फिरियाच्या अटॅकमध्ये लघवीतलं पीबीजी नॉर्मलच्या कित्येक पट वर जातं, आणि शिशाच्या विषबाधेत एएलए वाढलेलं असतं पण पीबीजी नॉर्मल किंवा जेमतेम वर. जन्मतः दुसरंच एन्झाइम कमी असणारा एक पोर्फिरिया आहे, त्यात आकडे अगदी शिशासारखे दिसतात, पण असे पेशंट जगभरात मोजकेच सापडलेत.

टेस्ट करताना दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सॅम्पल दुखत असतानाच द्यायचं, चोवीस तासांची लघवी गोळा करत बसायची गरज नाही, एकदाच घेतलेल्या लघवीतलं पीबीजी आणि सोबत क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, एवढं पुरतं. आणि बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही, फॉइलमध्ये गुंडाळून थंड ठेवून द्यायची, कारण उजेडात पीबीजी मोडतं आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. आमच्या खिडकीतल्या बाटलीचा रंग बदलला तो यामुळेच, म्हणजे उत्तर आमच्या डोळ्यासमोर होतं आणि ते वाचायला कोणी शिकवलेलं नव्हतं.

इथेच एक सापळा आहे. लघवीतली पोर्फिरिन, त्यातही कोप्रोपोर्फिरिन, थोडी वाढलेली दिसणं फार कॉमन आहे, दारूने वाढतात, लिव्हरच्या कुठल्याही आजाराने वाढतात, शिशाने वाढतात, काही औषधांनी वाढतात. तेवढ्यावरून कोणी तुम्हाला पोर्फिरिया आहे म्हणून सप्लिमेंटचा कोर्स लिहून दिला तर थांबा आणि विचारा, पीबीजी किती आहे?

धातूंच्या टेस्टचंही तसंच. शिशासाठी रक्तातलं शिसं मोजायचं, आणि शक्यतो शिरेतून घेतलेलं रक्त, कारण बोटाच्या टोकावरच्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळू शकतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2021 मध्ये लहान मुलांसाठी डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम हा आकडा धरला, त्याच्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधायला लागायचं. केसांच्या टेस्टवर मी भरवसा ठेवणार नाही, शाम्पू, रंग, धूळ सगळं त्यात येतं. आर्सेनिकची टेस्ट असेल तर आधीचे काही दिवस मासे आणि समुद्रातलं खाणं बंद ठेवायचं, त्यात आर्सेनिकचं एक निरुपद्रवी रूप भरपूर असतं आणि आकडा उगाच फुगतो. आणि सगळ्यात फसवी म्हणजे ती टेस्ट ज्यात आधी कीलेशनचं, म्हणजे अंगातले धातू पकडून बाहेर काढणारं औषध देतात आणि मग लघवीतले धातू मोजतात. कीलेशनचं औषध दिलं की कोणाच्याही लघवीत धातू वाढणारच, ते औषध त्यासाठीच आहे. मग तो वाढलेला आकडा औषध न घेतलेल्या माणसाच्या नॉर्मलशी ताडून लाल रंगात छापून हातात देतात आणि माणूस घाबरतो. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या संघटनेने ही पद्धत सिद्ध झालेली नाही असं स्पष्ट लिहिलंय, तरी ती चालूच आहे.

आता उपचार, आधी ॲक्यूट पोर्फिरियाचे. इथे एक गोष्ट मनात बसली की बाकी सगळं सोपं जातं. पोर्फिरियात बाहेरून आलेलं विष नसतं, माल शरीरच बनवतं, आणि अटॅक येतो तेव्हा लिव्हर ओळीच्या पहिल्या माणसाला अजून माल ढकल अजून माल ढकल असं सांगत असतं. म्हणजे आत काही ओढून काढायचं नाहीये, पहिल्या माणसाला शांत करायचंय. ते कसं करायचं, तर तयार हीम देऊन. हेमिन नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत 1983 साली मंजूर झालं, रोज वजनाच्या किलोला 3 ते 4 मिलिग्रॅम असं साधारण चार दिवस मोठ्या शिरेतून देतात, लिव्हरला वाटतं हीम भरपूर आहे आणि ते ओळ थंड करतं. लहान शिरेतून दिलं तर शीर सुजते, म्हणून काही ठिकाणी अल्ब्युमिनमध्ये मिसळून देतात. आणि त्यात लोखंड असतं, वारंवार घेणाऱ्यांना फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोखंडाच्या साठ्याचा आकडा, बघत राहावं लागतं.

हेमिन येईपर्यंत ग्लुकोज. लिव्हरला उपासमार जाणवली की ते पहिल्या एन्झाइमचं उत्पादन वाढवतं, साखर मिळाली की कमी करतं. हलक्या अटॅकमध्ये सलाईनमधून दिवसाला 300 ते 500 ग्रॅम ग्लुकोज देतात, पण नुसतं पाण्यासारखं पातळ सलाईन धो धो चढवलं तर आधीच खाली असलेलं सोडियम अजून खाली जातं आणि फिट येऊ शकते, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गटातली औषधं चालतात आणि ती द्यायलाच हवीत, पेशंटला व्यसनी समजून वेदनेत ठेवू नये.

आता माझ्या बहिणीच्या त्या तीन दिवसांचा हिशोब लावा. ज्यूसवर राहिली म्हणजे दिवसाला लागणाऱ्या कॅलरीच्या पाव हिश्शावर राहिली, लिव्हरने ती उपासमार धरली, पहिला माणूस सुसाट सुटला, तिसरा जन्मापासून हळू होताच, ढीग वाढला आणि नसा बसल्या. तिला डिटॉक्सने आजार दिला नाही, आजार जीन्समध्ये होताच, पण अटॅकचं बटण त्या उपासाने दाबलं. कीटो असो, क्रॅश डाएट असो, लांबलचक उपवास असो, ॲक्यूट पोर्फिरियात सगळंच धोक्याचं. बाकीची बटणं म्हणजे दारू, सिगारेट, इन्फेक्शन, पाळीच्या आधीचे हार्मोन, आणि औषधं, त्यात बार्बिच्युरेट, सल्फाची काही औषधं, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, रिफाम्पिसिन ही ठळक नावं. फिट आली म्हणून फेनिटॉइन दिलं आणि अटॅक अजून भडकला असं होऊ शकतं, म्हणून कुठलंही नवीन औषध पोर्फिरियाच्या सेफ-अनसेफ यादीत बघूनच घ्यायचं.

वारंवार अटॅक येणाऱ्यांसाठी गिव्होसिरान आहे, 2019 पासून. महिन्यातून एकदा कातडीखाली इंजेक्शन, ते लिव्हरमध्ये पहिल्या एन्झाइमचा निरोपच फाडून टाकतं, निरोप पोचला नाही की एन्झाइम बनत नाही. 94 पेशंटवरच्या ट्रायलमध्ये ॲक्यूट इंटरमिटंट प्रकारात अटॅकचं प्रमाण 74 टक्क्यांनी खाली आलं. लिव्हर, किडनी आणि रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो ॲसिडवर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्यांचं काहीच जमत नाही त्यांच्यासाठी लिव्हर ट्रान्सप्लांट, त्याने हा प्रकार खरोखर थांबतो, कारण बिघडलेली ओळ लिव्हरमधलीच असते.

सप्लिमेंटचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ओळीचा पहिला माणूस काम करायला बी6 वापरतो, अटॅकमध्ये तो जोरात पळतो म्हणून काही पेशंटमध्ये बी6 कमी पडतं, आणि गिव्होसिरानवर असताना होमोसिस्टीन वाढलं तर डॉक्टर बी6 देतात. पण कमी आहे का हे बघून. बी6 जास्त दिवस जास्त डोसमध्ये खाल्लं की त्यानेच पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि मग ते पोर्फिरियाचं की गोळीचं हे कळेनासं होतं. झिंकचंही तसंच, भरमसाट घेतलं की कॉपर खाली जातं आणि पुन्हा ॲनिमिया आणि नसांचाच त्रास.

आणि आता जे सांगते ते नीट वाचा, कारण हा घोळ मी स्वतः केला असता. एएलए या नावाने तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एक अल्फा लायपोइक ॲसिड, ज्याला मेटल डिटॉक्सवाले डोक्यावर घेतात. दुसरं अल्फा लिनोलेनिक ॲसिड, म्हणजे जवसात असतं ते तेल. आणि तिसरं अमिनो लेव्ह्युलिनिक ॲसिड, म्हणजे आपला तोच ओळीतला माल, जो ॲक्यूट पोर्फिरियात साठून नसांची वाट लावतो, आणि तोही एनर्जीसाठी म्हणून फाइव्ह-एएलए नावाने सप्लिमेंट म्हणून विकला जातो. पोर्फिरियाच्या पेशंटने ती बाटली उघडायचीच नाही. हर्बलमध्ये सेंट जॉन्स वर्ट, म्हणजे डिप्रेशनसाठी घेतात ती वनस्पती, लिव्हरमधली एन्झाइम भडकवते, तीही नको.

कातडीच्या प्रकारांत गणित पुन्हा बदलतं. पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा, जगात सगळ्यात जास्त दिसणारा पोर्फिरिया, हातावर उन्हाने फोड येतात, कातडी जरा घासली तरी सोलते. याच्या मुळाशी लिव्हरमधलं जास्तीचं लोखंड असतं, सोबत दारू, हेपॅटायटिस सी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या. उपचार ऐकून लोक दचकतात, रक्त काढतात, दर दोन आठवड्यांनी साधारण 450 मिली, फेरिटिन 20 च्या आसपास येईपर्यंत. किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आठवड्यातून फक्त दोनदा 100 मिलिग्रॅम, नेहमीच्या पूर्ण डोसमध्ये दिलं तर लिव्हरला इजा होऊ शकते. इथे अशक्तपणा वाटतोय म्हणून आयर्नच्या गोळ्या खाणं म्हणजे आगीत तेल. हा प्रकार केमिकलनेही होतो, तुर्कस्तानात 1950 च्या दशकात हेक्साक्लोरोबेन्झीन हे बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं गहू लोकांनी खाल्लं आणि हजारो लोकांना, मुलांना जास्त, असाच आजार झाला.

एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरियात फोड येत नाहीत, उन्हात काही मिनिटांत कातडीच्या आत आग लागल्यासारखं होतं आणि बाहेरून फारसं दिसत नाही, म्हणून मूल रडतं आणि घरचे म्हणतात काही झालेलं नाही. यात त्रास देतो तो 400 ते 410 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर जांभळा दिसणारा उजेड, जो खिडकीच्या काचेतून आत येतो आणि साध्या सनस्क्रीनला जुमानत नाही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडचं जाड क्रीम आणि पूर्ण बाहीचे कपडे यांनी थोडा फरक पडतो. अफामेलानोटाइड नावाचं इम्प्लांट युरोपात 2014 आणि अमेरिकेत 2019 मध्ये आलं, ते कातडीत रंगद्रव्य वाढवतं. बीटा कॅरोटिन वर्षानुवर्षं देत आलेत पण पुरावा कच्चा आहे. ऊन टाळल्यामुळे व्हिटॅमिन डी मात्र खरंच कमी होतं, ते तपासून घ्यावं, हे मनापासून सांगते.

आता धातू. इथे विष खरोखर बाहेरून आलेलं असतं, म्हणून पहिला उपचार औषध नाहीच, स्रोत बंद करणं आहे. जुना रंग, बॅटरीचं काम, पाइप, ग्लेझची भांडी, काही पारंपरिक औषधं, काजळ, यातलं शिसं कुठून येतंय ते सापडलं नाही तर गोळ्या दिल्या तरी घरी जाऊन माणूस पुन्हा तेच शिसं घेणार. आणि शिसं हाडात जाऊन बसतं, रक्तातून ते महिनाभरात अर्धं होतं पण हाडात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून कोर्स संपल्यावर आकडा पुन्हा थोडा वर येतो, तो हाडातला साठा बाहेर येतोय, घाबरायचं नाही पण बघत राहायचं.

कीलेशन म्हणजे धातूला चिमट्यात पकडून लघवीतून बाहेर काढणारं औषध. मुलांमध्ये रक्तातलं शिसं 45 च्या वर गेलं की सक्सिमर तोंडाने देतात, कोर्स 19 दिवसांचा. शिसं मेंदूपर्यंत पोचून फिट येत असतील तर हॉस्पिटलमध्ये डायमरकॅप्रॉल आणि कॅल्शियम ईडीटीए. डायमरकॅप्रॉल दुसऱ्या महायुद्धात लेविसाइट या आर्सेनिकच्या विषारी वायूवर उतारा म्हणून शोधलं गेलं, आणि ते शेंगदाण्याच्या तेलात येतं, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी विचारणं हे वाटतं तितकं फालतू नाही. ईडीटीएमध्ये कॅल्शियम हा शब्द जिवाचा आहे. नुसतं डायसोडियम ईडीटीए दिलं तर ते शिसं सोडून रक्तातलं कॅल्शियमच पकडतं आणि हृदय बंद पडतं. अमेरिकेत 2003 ते 2005 मध्ये तीन जण कीलेशननंतर कॅल्शियम खाली जाऊन गेले, त्यातली दोन मुलं होती. हे वाचल्यापासून कोणी क्लिनिकमध्ये ईडीटीएची ड्रिप घेतोय ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

एकच चिमटा सगळ्या धातूंना चालत नाही. थॅलियमला प्रशियन ब्लू, लोखंडाला डिफेरॉक्सामिन, कॉपरला पेनिसिलामिन, पाऱ्याला सक्सिमर किंवा डीएमपीएस. माशातून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यात डायमरकॅप्रॉल दिलं तर पारा उलट मेंदूकडे जाऊ शकतो. कॅडमियमवर तर माणसात खात्रीने चालणारं कीलेशनच नाही. त्यामुळे सगळे हेवी मेटल काढतो असं लेबल दिसलं की तिथेच समजायचं.

धातूंच्या बाबतीत सप्लिमेंटचा खरा उपयोग साधा आहे. अंगात आयर्न आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं, म्हणून कमी असेल तर भरून काढायचं, विशेषतः मुलांमध्ये आणि गरोदरपणात. कोथिंबिरीचा अर्क, क्लोरेला, झिओलाइट यांनी माणसाच्या शरीरातले धातू निघतात याचा पक्का पुरावा नाही, आणि क्लोरेला हे शेवाळ आहे, ते ज्या पाण्यात वाढतं त्यातले धातू स्वतःच शोषतं. ईडीटीएने हार्ट अटॅक टळतात या दाव्यावरही मोठी ट्रायल झाली, 2024 मध्ये निकाल आले, डायबेटिस असलेल्या आणि आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटमध्ये काही फायदा दिसला नाही, रक्तातलं शिसं कमी होऊनसुद्धा.

ॲक्यूट पोर्फिरियावर कीलेशनचा उपयोग नाही, चिमट्यात पकडायला तिथे धातू नसतोच, आणि चिमटा रिकामा राहत नाही, तो अंगातलं कामाचं झिंक उचलतो.

बहिणीचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा मावशी, मामा आणि आम्हा सगळ्या भावंडांची यादी मागितली. ॲक्यूट इंटरमिटंटमध्ये आईबाबांपैकी एकाकडे बिघडलेला जीन असेल तर प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता अर्धी असते, पण जीन असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही अटॅक येत नाही. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, मामेभावाची पॉझिटिव्ह, तो ठणठणीत आहे. त्याने फक्त पाकिटात एक कार्ड ठेवलंय, त्यावर आजाराचं नाव आणि कुठली औषधं द्यायची नाहीत ते लिहिलंय, आणि तो आता कुठलाच उपास करत नाही. बहिणीच्या हाताची पकड परत यायला आठ महिने लागले. पन्नाशीनंतर तिला दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करावी लागणार आहे, कारण या आजारात लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि किडनीची टेस्ट आत्तापासूनच दरवर्षी.